घुमटाखालची बाजू

जेद्दा
शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५
(हुसेनमियाँच्या हाती)

रुमाना,

अस्सलामु अलैकुम. पाकिटावरचं अक्षर ओळखून ते तसंच परत करायचा विचार असेल तर सांगतो, जमणार नाही. म्हणून तर टपालाने न पाठवता तुमच्या इंग्लंडातल्या जमातीच्या अध्यक्षांच्या हाती देतोय. हुसेनमियाँ मक्केला उमरा करून आलेत, चार माणसांत ते पाकीट पुढे करतील, तेव्हा नाही कसं म्हणशील? एवढी अक्कल तुझ्या भावाला अजून आहे.

मी रागावलेलो नाही, हे आधी लिहून टाकतो. शौकत गेला तेव्हा तुझं आणि नूरैनचं जेद्दाचं तिकीट काढलं, पोरीचं इथल्या इंडियन स्कूलमध्ये नाव घातलं, मागची खोली रंगवून घेतली. आणि तू फोनवर काय म्हणालीस? "मी काय पार्सल हाय काय?" त्यानंतर चार वर्षं तुझ्या फोनवर माझा नंबर बंद. ठीक आहे. विधवा बहिणीसाठी खोली रंगवणं हा गुन्हा असेल तर मी गुन्हेगार. विषय संपला.

आता दुसरा विषय. परवा हुसेनमियाँ आमच्याकडे जेवायला होते. हफीजाने कोळंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या, पण म्हातारा नीट जेवेना. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "यूनुस, तुझ्या बहिणीने आमाना एक बंद पडलेली बँक घ्यायला लावली." मला वाटलं, यांना इथलं ऊन बाधलं. मग त्यांनी फोन काढून फोटो दाखवले.

रुमाना, मी या शहराच्या जुन्या भागात वीस वर्षं पडकी घरं उभी करतोय. चांगली इमारत दिसली की मला कळते. चौकातला कोपरा कापून तिथे दरवाजा, दोन्हीकडे गुलाबी ग्रॅनाइटचे खांब, वर दगडात कोरलेलं बँकेचं नाव. दगड गिरण्यांच्या धुराने काळा पडलाय, पण कुठे फुटलेला नाही. आत शिरल्या शिरल्या डोक्यावर काचेचा घुमट. छताच्या प्लॅस्टरमध्ये कापसाची बोंडं काढलीत. तुमचं गाव कापसाच्या गिरण्यांचं, त्यांचेच पैसे या बँकेत येत असणार. खाली मोझेकची फरशी, मग महोगनीचा लांबलचक काउंटर, त्यावर पितळी जाळी. तळघरात तिजोरीची खोली, तिथे म्हणे तुम्ही बिर्याणीची पातेली ठेवणार. मी हसलो. मग एकेक फोटो मोठा करून पाहत बसलो आणि माझं कालवण गार झालं.

तुझी अडचणही कळली. जमातीला लग्नाचा हॉल हवा. लग्नात बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, म्हणून मध्ये भिंत हवी. आणि इमारत पडली लिस्टेड, म्हणजे सरकारच्या यादीतली. विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकायचा नाही. कौन्सिलमध्ये जुन्या इमारतींचं पाहणाऱ्या मिसेस ॲशवर्थबाईंनी भिंतीला नाही म्हटलं. सरकत्या पार्टिशनलाही नाही म्हटलं, कारण त्याची पट्टी छतात ठोकावी लागते. दारातून येणाऱ्याला छत अखंड दिसलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. आता जमातीतले बुजुर्ग म्हणतायत, रमजानच्या आत परवानगी आली नाही तर विकून टाकू. आणि घ्यायला तयार कोण आहे, तर पब चालवणारी कंपनी!

हुसेनमियाँ म्हणाले, "जमातीच्या पैशाने घेतलेल्या जागेत दारू विकली जाईल, आणि लोक रुमानाचं नाव घेतील. सेक्रेटरी म्हणून तिनेच घर घर फिरून सगळ्यांना राजी केलं होतं." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मला यात पडायचं नाही. तुझी बँक, तुझी जमात. हुसेनमियाँकडे इमारतीचे नकाशे मात्र मागितलेत. नुसते बघायला.

त्यांच्याबरोबर थोडा खजूर पाठवलाय. वाटून टाका.

तुझा भाई,
यूनुस

जेद्दा
शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५
(प्रेस्टनहून आलेल्या एका कुटुंबाच्या हाती, नावं विसरलो, भली माणसं आहेत)

रुमाना,

अस्सलामु अलैकुम. उत्तराची वाट मी पाहिली नव्हती, त्यामुळे ते आलं नाही याचं मला काही नाही. नूरैन तिच्या मामीला, हफीजाला, मेसेज करते, त्यावरून तू पत्र वाचलंस एवढं कळलं. वाचून उशीखाली ठेवलंस की कचऱ्यात, ते पोरीने सांगितलं नाही. मामा आणि भाचीच्या मध्ये आपला राग नको म्हणून मी तिचा नंबरसुद्धा कधी घेतला नाही, तिला मध्ये घालून विचारणारही नाही.

नकाशे पाहिले. पाहून गप्प बसायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

इथल्या जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूला लाकडी पेटीसारख्या मोठ्या खिडक्या असतात, त्यांना रोशन म्हणतात. अंगभर बारीक जाळी. आतल्या बाईला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला बाई दिसत नाही, आणि समुद्राचा वारा आत येतो. त्यातले तुकडे खाचेत खाच बसवून जोडलेले असतात. आम्ही त्या सोडवतो, सडलेला तुकडा बदलतो, पुन्हा जोडतो. तुझ्या हॉलचा नकाशा समोर असताना साइटवर माझ्यासमोर तशीच एक सोडवलेली जाळी भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, आणि म्हटलं, खलास! हेच.

सोबत आराखडा आहे. बाकांची एक लांब रांग काढलीय, दोन्ही बाजूंना बसायची सोय आणि मधल्या पाठीच्या जागी माणसाच्या डोक्याहून जरा उंच जाळी. बाकांचं वजन आणि त्यावर बसलेल्या आपल्या नातेवाइकांचं वजन जाळीला उभं धरेल. आपल्यात बारीक कोण आहे? रांग सरळ नाही, थोडी नागमोडी आहे. सरळ ठेवली तर लग्नातली पोरं एका धक्क्यात आडवी करतील. बाकांखाली लोकरीचा जाड नमदा, म्हणजे मोझेकला ओरखडा नाही. भिंतीला हात नाही, छताला हात नाही, खिळा नाही. उद्या तुम्हाला नको झालं तर उचलून न्या, बँक होती तशी. वर सगळं मोकळं, छत दारापासून शेवटपर्यंत दिसतं. मिसेस ॲशवर्थबाईंना यात नाही म्हणायला जागा नाही.

हुसेनमियाँनी फोनवर सांगितलं त्याप्रमाणे पुरुषांना घुमटाखालचा भाग दिलाय, ते कोपऱ्यावरच्या मोठ्या दरवाजाने येतील. बायकांना काउंटरपलीकडची, मॅनेजरच्या खोलीकडची जागा. त्यांच्यासाठी गल्लीतला दरवाजा आहेच.

आणि एक. हुसेनमियाँ म्हणत होते की त्या खजुरावरून तिकडे काहीतरी बोलणं झालं. एक डबा मिसेस ॲशवर्थबाईंना दिला असेल तर त्यात एवढं काय? आपल्याकडे पोस्टमनलाही ईदला शीरखुर्मा जातो. बाई आपली इमारत बघायला एवढ्या थंडीत चारदा येते, तिला रिकाम्या हाताने पाठवायचं? तू यावरून डोकं गरम करू नकोस.

भाई

जेद्दा
शुक्रवार, २६ डिसेंबर २०२५
(सुट्टीत उमऱ्याला आलेल्या नूरैनच्या मैत्रिणीच्या हाती)

रुमाना,

नूरैनचा मेसेज मामीकडे आला. चार वर्षांनी माझ्यासाठी तुझा पहिला निरोप, आणि तो काय, तर "अम्मी बोलली, परत काढा."

मी आराखडा दिवाणावर टाकला आणि म्हटलं, हिचं समाधान करणारा माणूस अजून जन्मायचाय. हफीजाने तो उचलून पाहिला. तिला नकाशे वाचता येत नाहीत असा माझा समज होता. म्हणाली, "ह्या घुमटाखाली कोण बसनार?"

"पुरुष."

"किती वेळ?"

मी म्हटलं, जेवेपर्यंत.

"मंग? पुरुष येतात, निकाह लागतो, जेवतात, हात पुसतात, चालले. दिवसभर बसतं कोण? नवरी बसते. आमी बसतो. पोरं आमच्याकडे, म्हाताऱ्या आमच्याकडे. तुमी आमाना काउंटरच्या मागे घालताव, जिथे खिडकी पण नाय. रुमाना नाय बोलली तर काय चुकली?"

तिने माझ्या हातातली पेन्सिल घेऊन जाळी काउंटरच्या दिशेला सरकवली. मग बायकांना घुमट आणि कोपऱ्याचा मोठा दरवाजा. पुरुषांना काउंटरचा भाग आणि गल्लीचा दरवाजा. मी भांडणारच होतो, पण हे जास्त बरोबर होतं. जेवण गल्लीकडूनच येणार. गरम पातेली मोझेकवरून न्यायची नाहीत अशी मिसेस ॲशवर्थबाईंची अट आहेच. महोगनीच्या काउंटरवर काच टाकून ताटं मांडली की पुरुषांची पंगत तिथल्या तिथे. म्हणजे बँकेचे कारकून जिथे उभे राहून पैसे द्यायचे तिथे आता आपले स्वयंपाकी उभे राहून बिर्याणी देतील. मी रात्रीच्या जेवणापर्यंत हसत होतो. नवा आराखडा सोबत आहे. त्यावर सही माझी, पण रेघ हफीजाची आहे.

बुजुर्गांना काय सांगायचं ते तू बघ. त्यांना गल्लीच्या दाराने यायला लाज वाटत असेल तर म्हणावं, पातेल्यांच्या जवळचा दरवाजा तोच आहे.

आता खजुराचं. हुसेनमियाँचा फोन आला होता, मी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं नव्हतं, रुमाना, अल्लाची शपथ. कौन्सिलच्या माणसाला काही दिलं तर त्याला ते वर कळवावं लागतं, आणि मग आपली फाइल त्याच्या एकट्याच्या हातात ठेवत नाहीत, हे मला कोण सांगणार? मिसेस ॲशवर्थबाई जाळीच्या आराखड्याला हो म्हणणार होत्या, असं हुसेनमियाँ म्हणाले. आता ते त्यांना एकट्याने म्हणता येणार नाही. नगरसेवकांची समिती सगळ्यांसमोर ठरवणार.

नुसता खजूर नव्हता. ऊदच्या अत्तराची एक कुपीही होती. लहानशी.

आणि आत एक चिठ्ठी होती, तीही सांगतो, नाहीतर तुला दुसऱ्याकडून कळेल. कदाचित कळलीच असेल. इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या होत्या: आमच्या जमातीच्या कामाकडे कृपया लक्ष द्यावं, रुमाना फार मेहनती आहे. खाली माझं नाव. डबा माझ्या सांगण्यावरून हुसेनमियाँनी दिला, पण त्यांना आत चिठ्ठी आहे हे माहीत नव्हतं, त्यांना बोल लावू नकोस.

तू म्हणशील, पुन्हा न विचारता केलंस. हफीजाही तेच म्हणाली.

यूनुस

जेद्दा
शुक्रवार, २३ जानेवारी २०२६
(हुसेनमियाँच्या पुतण्याच्या हाती, तो उद्या सकाळी निघतोय)

रुमाना,

अस्सलामु अलैकुम. घाईत लिहितोय.

बुजुर्ग नव्या आराखड्याला तयार झाले हे कळलं. हुसेनमियाँ म्हणाले, तू त्यांना रिकाम्या बँकेत घेऊन गेलीस, घुमटाखाली खुर्च्या मांडून बसवलंस आणि म्हणालीस, आता लग्न संपेपर्यंत इथून उठायचं नाही. अर्ध्या तासात सगळे उठून गाडीत जाऊन बसले म्हणे! मला फार हसू आलं. अब्बाही मशिदीतून निघाले की कुणाशी बोलायला थांबायचे नाहीत.

पण मला झोप नाही. समितीची सभा अकरा फेब्रुवारीला, त्यानंतर आठवड्याभरात रमजान. तिथे नाही झालं तर दुसरी तारीख मिळायच्या आत बुजुर्ग पबवाल्यांच्या कागदावर सही करतील. तुझं सहा महिन्यांचं फिरणं, लोकांच्या दारात उभं राहणं, सगळं पाण्यात, आणि का, तर तुझ्या भावाने अत्तर पाठवलं. साइटवर आज एका पोराने जाळीचा कोपरा तोडला, मी त्याला ओरडायचंही विसरलो.

म्हणून हे नीट वाच. सभेत कोणी तरी विचारणारच, हा यूनुस कोण? भेट याचीच आणि आराखडाही याचाच? हुसेनमियाँचं आणि माझं बोलणं झालंय. तू सांग, जेद्दाचा एक लाकूडकामवाला आहे, जमातीने काम दिलं, ओळखदेख नाही. उगीच आगाऊपणा केला त्याने. तू चार वर्षं माझ्याशी बोललेली नाहीस, त्यामुळे खोटंही फारसं नाही. भाऊ म्हटलंस तर ते म्हणतील, घरचीच माणसं आतून-बाहेरून काम जमवतायत, आणि तुझ्यावर येईल. मला वाईट वाटणार नाही.

वाटेल, पण त्याचं काय एवढं. बँक राहू दे.

भाई

जेद्दा
शुक्रवार, १३ फेब्रुवारी २०२६
(टपालाने)

रुमाना,

अल्हम्दुलिल्लाह, अल्हम्दुलिल्लाह. किती वेळा लिहू? काल साइटवर सगळ्यांना कुनाफा वाटला. आमच्या इजिप्शियन इंजिनीअरने विचारलं, मुलगा झाला का? मी म्हटलं, नाही, बँक झाली. त्याला काही कळलं नाही, पण दोन तुकडे खाल्ले.

तुला माहीत नसेल, मी सभा पाहत होतो. तुमचं कौन्सिल सगळं इंटरनेटवर दाखवतं, नूरैनने मामीला लिंक पाठवली होती. हफीजाचा फोन चार्जिंगला, म्हणून माझ्या फोनवर लावली आणि तो उशीला टेकवून दोघं दिवाणावर बसलो. आधी कुणाच्या तरी माडीची खिडकी. मग फिश अँड चिप्सच्या दुकानाची पाटी, तिच्यावर एवढा वेळ चर्चा की मला वाटलं आज पाटीवरच सभा उठणार. हफीजा दुआ पुटपुटत होती. मी मिनिटामिनिटाला आवाज वाढवत होतो, तो आधीच पूर्ण वाढलेला होता.

मग तू आलीस.

तुला चष्मा कधी लागला? आणि एवढी बारीक का झालीस? हिरवा स्कार्फ अम्मीसारखा बांधला होतास, हफीजा पटकन म्हणाली, "अगो, सासूबाय!" मी तिला गप्प केलं, कारण तू बोलायला लागली होतीस. तुझं इंग्रजी ऐकून मी चकित झालो. तू त्यांना सांगितलंस की बँक बंद झाल्यापासून त्या चौकातून लोक मान खाली घालून जातात, आणि आम्हाला तिथे दिवे लावायचेत. म्हणालीस, या छताखाली गिरणीवाल्यांनी पैसे मोजले, आमच्या आजोबा-मामांनी त्याच गिरण्यांत रात्रपाळी केली, पण पगार घ्यायलासुद्धा त्यांना कोपऱ्याच्या दरवाजाने आत यायचा धीर झाला नाही. आता त्यांच्या नाती नवरी होऊन त्याच दरवाजाने येतील. हे तुला कुणी शिकवलं?

मग तो टकला नगरसेवक. मला त्याचं नाव लिहायचं नाही, पण चेहरा लक्षात ठेवलाय. मिसेस ॲशवर्थबाईंनी आधीच सगळं सांगितलं होतं: भेट आली, त्यांनी लगेच कळवलं, खजूर बेघरांच्या जेवणघरात दिला, अत्तर अजून कपाटात कुलपात आहे, आणि आराखडा त्यांच्या मते उत्तम आहे. फार सरळ बाई. पण टकल्याने चष्म्यावरून पाहत तुलाच विचारलं, "मॅडम, भेट पाठवणारे आणि आराखडा काढणारे गृहस्थ एकच आहेत. तुमचा यांच्याशी काय संबंध?"

शेजारी हुसेनमियाँ टेबलाकडे बघत बसले होते. मी इथे मोठ्याने म्हणालो, बोल, लाकूडकामवाला. बोल ना! हफीजाने माझा दंड धरला.

तू चष्मा काढलास, स्कार्फच्या टोकाने पुसलास, पुन्हा घातलास. आणि म्हणालीस, "ही इज माय ब्रदर."

मग तू म्हणालीस, "तो सगळ्यांना खजूर पाठवतो. तुमचा पत्ता मिळाला असता तर तुम्हालाही आला असता. आधी विचारायचं असतं हे त्याला समजत नाही, त्यावरून मी त्याच्याशी चार वर्षं भांडतेय. पण त्याच्या हातचं लाकूडकाम वाईट झालेलं मी कधी पाहिलं नाही." सगळी सभा हसली. टकलाही हसला. मी हसलो नाही, मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

हात वर झाले. हफीजा मोजत होती, मी डोळे मिटले होते. अध्यक्षबाई म्हणाल्या, मंजूर. हुसेनमियाँ उठून उभे राहिले आणि समोर कॅमेरा आहे हे विसरून रुमालात तोंड खुपसून रडले. तू मात्र तशीच उभी होतीस, जसं काही तुला कुणी अजून काही सांगितलंच नाही. मग एकदम खुर्चीत बसलीस. मी म्हटलं, रुमाना सुटली. हफीजा म्हणाली, "तुमी पण सुटले." खरंच, महिनाभर छातीवर जे काही बसलं होतं ते उतरलं, मला श्वास पोटापर्यंत घेता आला.

आणि ऐन त्या वेळी तुझ्या चेहऱ्यावर फोन आला. म्हणजे माझ्याच फोनवर, तू दिसत होतीस त्याच्यावर. इंग्लंडचा नंबर, ओळखीचा नाही. मला एवढा राग आला! चार वर्षांनी बहीण दिसतेय आणि हा कोण मध्ये? मी कापला.

चित्र परत आलं. तू कागद गोळा करत होतीस. तुझ्यासमोरचा माइक बंद करायला सगळे विसरले होते. नूरैन मागून येऊन तुझ्या गळ्यात पडली, आणि तू तिला म्हणालीस, आपल्या बोलीत, सगळ्या कौन्सिलला ऐकू जाईल अशी: "मामूला फोन लाव गो. आधी त्याना सांग."

मी हफीजाकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, "आत्ता कापला तो नंबर कोनाचा होता?"

ते इंटरनेटवरचं थोडं उशिरा दिसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तू म्हणालीस, पोरीने फोन लावला, मी कापला, आणि मग मला तू म्हणताना दिसलीस. रुमाना, मी एवढा घाबरलो की फोन हातातून दिवाणाखाली गेला. वाटलं, आता ही म्हणेल, त्याने कापला, संपलं. हफीजाने वाकून काढला, तिनेच परत लावला, तिनेच माझ्या कानाला धरला.

तू किती वेळ "हॅलो भाई, हॅलो" करत होतीस. मग नूरैनला म्हणालीस, जेद्दाची लाइन खराब हाय, आवाज येत नाय, आणि थोड्या वेळाने ठेवलास. मी सगळं ऐकत होतो.

लाइन चांगली होती.

तुझा भाई,
यूनुस